दारासमोरच्या खुर्च्या

अकोल्यातल्या डॉक्टरने एखाद्याला 'रोज थोडं उन्हात बसत जा' असं सांगावं, यात मला आधी नुसता विनोद दिसला. ज्या गावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं आणि माणसं डोळे तेवढे उघडे ठेवून बाकीचं तोंड दुपट्ट्यात गुंडाळून फिरतात, तिथे ऊन हे औषध म्हणून लिहून द्यायची वेळ आली होती. पण चिठ्ठी माझ्या बहिणीची होती, त्यामुळे विनोद फार टिकला नाही.

बहीण माझ्याहून बरीच मोठी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला 'बाई' म्हणतात. बाई अकोल्याच्या जुन्या शहरात राहते, मोर्णा नदी ओलांडली की लागणाऱ्या एका गल्लीत. ही गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या घरात फोडणी पडली की शिंक इकडे येते. लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हापासून बाईने एकच काम केलं. भाऊजी पहाटे फुलबाजारातून फुलं आणायचे आणि ती दाराशेजारच्या ओट्यावर बसून हार ओवायची. देवाचे, लग्नाचे, पुढाऱ्यांचे, मयताचे. कोणता हार कुणाच्या गळ्यात पडणार याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. फुलं ताजी पाहिजेत, एवढंच.

मागच्या पावसाळ्यात भाऊजी गेले. त्यानंतर माझ्या भाच्याने, म्हणजे तिच्या मुलाने, आईला फार प्रेमाने निवृत्त केलं. ओवायचं सगळं काम पुलापलीकडच्या दुकानात नेलं, तिथे बाया ठेवल्या. ओट्याला ग्रिल बसवली, ग्रिलला कुलूप लावलं आणि आत दोन मोटरसायकली उभ्या केल्या. "आई, लय केलं तू आजपर्यंत, आता आराम कर," असं म्हणाला. बाईने तो आराम इतका मनावर घेतला की उंबरा ओलांडणंच सोडलं. पलंग, टीव्ही, देवघर, पलंग. हिवाळा येईपर्यंत तिचे गुडघे धरले. भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येईना. डॉक्टरने भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं की ही बाहेर पडली नाही, हिंडली-फिरली नाही, तर उन्हाळ्यापर्यंत अंथरुणाला खिळेल. आणि या वयात खिळलेला माणूस सहसा उठत नाही.

भाच्याने मग घरात चालण्याचं मशीन आणलं. मी पुढे गेलो तेव्हा त्यावर टॉवेल वाळत होते.

"मामा, तुमीच या आता," तो फोनवर म्हणाला. "माहं आयकत नाई ते. तुमी तं भाईर राहन्याचे मास्टर हा."

ही पदवी मला कशी मिळाली, ते सांगायला हवं. मी अमरावतीला कॉलेजात शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला: सर, मॉर्निंग वॉक सुरू करा. आमच्या कॉलनीत त्याचं मंडळच आहे. हिरवे टी-शर्ट, अध्यक्ष, सचिव, आणि चालण्यासाठी कोषाध्यक्ष. बागेत पहाटे जमायचं, कुणाचा तरी वाढदिवस शोधून केक कापायचा, फोटो काढायचा आणि स्कूटरवर बसून घरी यायचं. मी गेलो त्या आठवड्यात बागेत व्यायामाची लोखंडी यंत्रं बसली आणि त्यांचं उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे मोकळ्या हवेच्या महत्त्वावर बोलले, गळ्यात हार घेऊन एका यंत्रावर अर्धं पायडल मारलं आणि काचा वर केलेल्या गाडीत बसून गेले. त्यांचं नाव यंत्रापेक्षा मोठ्या अक्षरात होतं. यंत्राला पहिल्याच महिन्यात गंज चढला. नाव मात्र अजून वाचता येतं.

मी मंडळ सोडलं आणि माझी स्वतःची रीत बसवली. तिला ना टी-शर्ट लागतो ना अध्यक्ष. जे काम घरात बसून करतोच, ते उचलायचं आणि दाराबाहेर न्यायचं, एवढीच ती रीत. पेपर पायरीवर वाचायचा. दाढीचा आरसा खिडकीच्या बाहेरच्या खिळ्याला टांगायचा. फोन वाजला की उचलत उचलत अंगणात जायचं आणि बोलणं संपेपर्यंत फेऱ्या मारायच्या. ज्यांचं बोलणं संपत नाही अशा नातेवाइकांचे फोन प्रकृतीला फार चांगले. भाजी आठवड्याची एकदम आणून फ्रिजमध्ये कोंबायची नाही, रोजची रोज फाटकाशी उभं राहून गाडीवरून घ्यायची. मेथी निवडणं, तुरीच्या शेंगा सोलणं, ही कामं तर घरात करावीत असं मला आता वाटतच नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं काम माझ्याकडे आहे. आमच्या कुकरच्या शिट्ट्या अंगणातच काय, तीन घरं सोडूनही मोजता येतात.

याला सुरुवातीला समाजाचा विरोध झाला. आपल्याकडे माणूस कामाशिवाय स्वतःच्या दाराबाहेर बसला की बघणाऱ्याला करमत नाही. "काहून सर, चावी हरवली काय?" असं शेजारचे विचारायचे. त्यांच्या सौभाग्यवती थोड्या आवाज चढवून आतल्या बाजूला विचारायच्या, "काय व मॅडम, भाईर काढलं का सरांले?" बायको आतून "हो, दोन दिवसांसाठी" असं सांगायची. महिन्याभरात सवय झाली. आता मी पायरीवर दिसलो नाही तर लोक तब्येत विचारायला येतात.

तर ही माझी विद्या. ती घेऊन जानेवारीत मी अमरावतीशेजारच्या बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला उतरलो.

बाई पलंगावर बसली होती. चेहरा पिवळट, हातांची बोटं मांडीवर नुसती पडलेली. त्या बोटांना मी असं रिकामं कधी पाहिलं नव्हतं.

"चाल बाई," मी म्हणालो, "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ."

"काहून?"

"काहून म्हंजे? फिरायले."

"तिकडं काय हाये?"

"काही नाही. ऊन आहे."

"ऊन इथूनबी दिसते," ती म्हणाली. "अन् मले काय लोकं पाह्यतीन तं म्हनतीन का, नवरा गेला अन् बुढी रिकामी हिंडून राह्यली? मी आजलोक रिकामी भाईर बसली नाई भाऊ. काम असंन तं सांग."

काम तर मुलाने उचलून पुलापलीकडे नेलं होतं. मला तेव्हाच हे धरायला हवं होतं, पण आपली विद्या आपल्याला फार आवडते. मी ठरवलं की बाई एकटी बाहेर बसणार नसेल तर चार माणसं बाहेर बसवू. गप्पा रंगल्या की तीही येईल. ओट्यावर मोटरसायकली, म्हणून दारासमोर गल्लीतच बसायचं. घरात नुसता सोफा, आणि तो दारातून निघेना. म्हणून बाईच्या सुनेला सांगून मी नाक्यावरच्या बिछायत केंद्रात गेलो. लग्नकार्याला मंडप, सतरंज्या, खुर्च्या देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. मालक चहा पीत बसला होता.

"खुर्च्या पाहिजेत," मी म्हणालो. "गल्लीत. हारवाल्या बाईंच्या दारासमोर. मी त्यांचा भाऊ, अमरावतीहून आलो."

त्याने कप खाली ठेवला. "कोनासाठी?"

"बहिणीसाठीच."

"अरे बाप्पा." तो उभा राहिला. "कवा झालं?"

काय झालं म्हणून विचारतोय, ते मला नीट कळलं नाही. वाटलं, मी कधी आलो ते विचारतोय. "आज सकाळीच," मी म्हणालो.

"मंडळी लय येतीन?"

"आज कमी. हळूहळू वाढतील."

"अन् काढता कवा?"

"ऊन उतरलं की काढू," मी म्हणालो. "पण उद्या परत लागतील हं. दहा-बारा दिवस तरी लागतीलच."

"लागतातच ना सर," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी जा. मी पाह्यतो सारं."

इतकी तत्पर सेवा मी अमरावतीत पाहिली नव्हती. मी चार खुर्च्या मनात धरून आलो होतो. त्याने हातगाडीभर पाठवल्या. सोबत एक सतरंजी आणि पाण्याचा जार. तो स्वतः आला, खुर्च्या भिंतीला लागून ओळीने मांडून घेतल्या आणि माझ्यासमोर क्षणभर हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. मीही हात जोडले. धंद्यात असा नम्रपणा असला पाहिजे, असं मनात म्हटलं आणि बाईला बाहेर काढायला आत गेलो.

बाई काही हलेना. मी समजावतोय, सून समजावतेय, ती भिंतीकडे पाहतेय. थोड्या वेळाने मी दारातून डोकावलो, तर खुर्च्या भरत आल्या होत्या. माझी छाती फुगली. इतकं सोपं होतं तर! आठ-दहा जण हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात बसले होते. फक्त कोणी बोलत नव्हतं. मी बाहेर गेलो.

"या, या," मी उत्साहाने म्हणालो. "बसा निवांत. ऊन काय छान पडलंय!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "धीर धरा," ते म्हणाले. "लय चांगल्या व्हत्या."

"कोण?"

त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आवाज उठला. बार्शीटाकळीकडची एक फुलं पिकवणारी शेतकरीण, भाऊजींच्या बाजारातली जुनी ओळखीची आणि बाईची मैत्रीण, फुलबाजारात बातमी ऐकून डोक्यावर शेवंतीची टोपली घेऊन येत होती. ज्या घरी हार ओवतात त्या घरी असा प्रसंग आला तर त्या दिवशी तिथे सुई धरत नाहीत. फुलं आणि हार बाहेरून येतात. ती रीत पाळायला ती आली होती, आणि येता येता गल्लीला ऐकू जाईल असा गळा काढत होती: "अवं माह्ये बाईऽ, मले न सांगता गेली वंऽ!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे दारासमोर खुर्च्या मांडून पुरुष गप्प बसलेले असले, की त्याचा एकच अर्थ होतो. मागच्या पावसाळ्यात याच भिंतीला लागून, बहुधा याच खुर्च्या होत्या.

मी काही बोलणार, तेवढ्यात पाठीमागे दाराची कडी वाजली.

बाई उंबऱ्यावर उभी होती. एक हात चौकटीला, दुसऱ्याने पदर सावरलेला. रडणं ऐकून ती भिंत धरत धरत आली होती. तिने एकेक चेहरा पाहिला, आणि मग उंबऱ्याखाली पाय टाकला.

"कोन गेलं व?" तिने विचारलं.

मैत्रिणीचा गळा मधेच थांबला. तोंड उघडंच. "तू," ती म्हणाली.

"मी?"

"हो ना."

"कवा?"

"सकाळीच म्हनते."

बाईने जरा विचार केला. "मले कोनी सांगतलं नाई," ती म्हणाली.

टोकाच्या खुर्चीत कोणीतरी फिसकलं. बिछायतवाला पुढे झाला आणि घाईघाईने माझ्याकडे बोट केलं. "हे सरच म्हनले! ऊन उतरलं का काढू म्हनून!"

"खुर्च्या!" मी ओरडलो. "खुर्च्या काढू म्हणालो मी!"

"काढत व्हता का मले?" बाई माझ्याकडे वळून म्हणाली. "अमरावतीवून इतक्यासाठी आला?" आणि मग गल्ली अशी हसली की समोरच्या घरातले लोक गच्चीवर आले. धीर देणाऱ्या गृहस्थांना ठसका लागला आणि जारमधल्या पाण्याचा पहिला उपयोग झाला.

बाई मात्र हसली नव्हती. तिचं लक्ष टोपलीत होतं. ती दोन पावलं पुढे गेली, भिंत न धरता. एक फूल उचललं, उलटं करून देठ पाहिला, चुरगळून वास घेतला.

"हे कालचे हायेत," ती म्हणाली.

"घाईत जे भेटलं ते आनलं बाई."

"माह्यासाठी? कालचे?" आता तिचा आवाज चढला. मेल्याची बातमी तिने सहन केली होती, हे नाही. "साऱ्या गावाले ताजे हार देल्ले मी. अन् मले शिळी शेवंती घालता? लाज नाई वाटत? मले मोगरा पाह्यजे. मोगरा आल्याबिगर मी कुठंच जात नाई, सांगून ठेवलं तुमाले."

"मोगरा आता कुठं भेटंन व? तो उन्हाळ्यात."

"मंग थांबा."

एवढं बोलून तिचे गुडघे लटपटले. सर्वांत जवळची खुर्ची मीच पुढे सरकवली आणि ती बसली. ऊन तिच्या पाठीवर पडलं. तिने टोपली मांडीवर ओढली. "फेकून थोडी देता येतीन," असं पुटपुटत ती फुलं निवडायला लागली: बरी इकडे, मान टाकलेली तिकडे. मैत्रिणीने कनवटीचा सुई-दोरा काढून दिला. आणि मी ती बोटं पाहिली. ती कशाचीही वाट न बघता कामाला लागली होती.

बसलेल्यांची मात्र पंचाईत झाली. मेलेल्या माणसाच्या दारातून कसं उठायचं याला रीत आहे, जिवंत माणसाच्या दारातून उठायला कोणी शिकवलेलं नाही. शेवटी सुनेने चहा ठेवला. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेले एक जण म्हणाले, "आता आलोच हाओ तं बसतो." गप्पा सुरू झाल्या. मला जसा देखावा हवा होता अगदी तसा जमला, फक्त माझ्या योजनेशी त्याचा संबंध नव्हता.

हार झाला तेव्हा प्रश्न उभा राहिला की हा घालायचा कुणाला.

"भाऊ, इकडे ये," बाई म्हणाली. मी वाकलो आणि तिने तो माझ्या गळ्यात घातला. ओली शेवंती, मानेवर एक मुंगी. "हे घ्या. जित्या मानसाले काढनाऱ्याचा सत्कार." टाळ्या पडल्या. पहिली टाळी बिछायतवाल्याची, सवयीने. जन्मभर मी सत्कारांची चेष्टा केली. माझा स्वतःचा एकच झाला, आणि त्याबद्दल मला बोलायला तोंड नाही.

त्याच वेळी भाचा पोचला. दुकानात त्याला कोणीतरी फोन केला होता. तो पुलावरून पळत आला होता, चप्पल एकाच पायात. गल्लीत शिरला आणि त्याला दिसलं ते असं: खुर्च्यांची ओळ, गळ्यात हार घातलेला मामा, आणि मधोमध उन्हात फुलं निवडत बसलेली आई. तो तिच्या पायाशी जमिनीवरच बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. बाईने एका हाताने टोपली सावरली, दुसरा त्याच्या केसांवर ठेवला.

"दुकानात कोन हाये?" तिने विचारलं.

"नुसत्या बाया हायेत."

"मंग उठ. अन् उद्यापासून फुलं इथं पाठव. तिथल्या बाया गाठ कच्ची मारतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ग्रिलचं कुलूप काढलं आणि मोटरसायकली बाहेर आणल्या. ओट्यावर टोपली आली. खुर्च्या परत गेल्या. एक तेवढी बिछायतवाल्याने ठेवून दिली, पाठीवर त्याच्या दुकानाचं नाव रंगवलेली. "सरच म्हनले ना, दहा-बारा दिवस लागतीन," तो म्हणाला. ती अजून तिथेच आहे. बाई सकाळी तिच्यावर बसते, ऊन पायरीवर आलं की आत जाते, आणि संध्याकाळी भिंतीची सावली पडली की पुन्हा येते. दोरा संपला तर नाक्यापर्यंत स्वतः जाते. याला ती फिरणं म्हणत नाही. दोरा आणणं म्हणते.

मी अमरावतीला परत आलो. माझ्या पायरीवरून, फेऱ्या मारत, मी तिला अधूनमधून फोन करतो. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी केला तर मागे गल्लीचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी हार मागत होतं, मैत्रीण कशावर तरी हसत होती.

"बाई," मी म्हणालो, "मोगरा आला का?"

"आला ना. लय आला औंदा."

"मग? काय ठरलं तुझं?"

"आता फोन ठेव भाऊ," ती म्हणाली. "लगीनसराई सुरू हाये. मले मरायलेबी फुरसत नाई."